सेन्सर लावला, आता आकड्यांशी जुळवून घेणं चालू आहे

लहानपणी माझी शुगर घरी मोजायचे ती रंगावरून. १९९२ साल, सातारा, मी पाचवीत, टाइप वन डायबेटिस नुकताच निघालेला आणि घरात ग्लुकोमीटर वगैरे काही नाही. आई टेस्ट ट्यूबमध्ये पाच मिली बेनेडिक्ट सोल्युशन घ्यायची, त्यात ड्रॉपरने माझ्या लघवीचे आठ थेंब टाकायची आणि ट्यूब चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवट झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि विटकरी झालं की आई काही न बोलता वहीत लिहून ठेवायची. पण लघवीत साखर उतरायला लागते तीच मुळी रक्तातली साधारण १८० च्या वर गेल्यावर, त्यामुळे निळा रंग आला म्हणजे शुगर १७० पण असू शकते आणि ४५ पण, ती ट्यूब दोन्हीला निळंच दाखवणार. लो झालीये हे तिच्यातून कधीच कळायचं नाही, ते आई माझ्या थरथरणाऱ्या हातांवरून आणि कपाळावरच्या घामावरून ओळखायची.

नंतर कॉलेजात असताना मीटर आला आणि त्यानंतरची सगळी वर्षं बोटं टोचण्यात गेली. बोटाच्या कडेला टोचायचं, मधे नाही, मधे जास्त दुखतं हे सगळं अंगवळणी पडलं. मग या वर्षी दंडावर सेन्सर आला, म्हणजे अंगाला चिकटवून ठेवायचं, सतत शुगर मोजून आकडा फोनवर दाखवणारं यंत्र, आणि ऑफिसात, नात्यात, बिल्डिंगमध्ये सगळे विचारतायत की कसं वाटतंय, दुखतं का, आता टोचायला लागत नाही ना, मग मजा आहे. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन समाधान होत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी कशाला लावला ते सांगते. इतकी वर्षं इन्शुलिनवर असलेल्या बऱ्याच जणांचं होतं तसं माझं झालंय, शुगर लो झाल्याची लक्षणं उशिरा येतात नाहीतर येतच नाहीत. पूर्वी ६५ ला हात कापायचे, धडधडायचं, भूक लागायची, आता ५० पर्यंत मी नॉर्मल बोलत असते, आणि त्यानंतर एकदम मेंदूच बंद पडायला लागतो. दादरला प्लॅटफॉर्मवर उभी असताना बरोबरच्या मैत्रिणीला वाटलं की मी काहीतरी विचित्र उत्तरं देतेय, तिने बळंच बाकावर बसवून फ्रूटी पाजली आणि मग माझ्याच पर्समधला मीटर काढून बघितलं तर ४९, आणि हे फ्रूटी पोटात गेल्यानंतरचं. मला तोपर्यंत काहीही जाणवलं नव्हतं. आमच्या डॉक्टर मॅडमना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, आता तुम्हाला अलार्म लागणार, शरीराचा अलार्म दमलाय.

तर वस्तू अशी आहे. गोल, पांढरी, रुंदीला साधारण साडेतीन सेंटिमीटर आणि जाडीला अर्धा सेंटिमीटर. दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे मांस असतं तिथे लावायची. स्पिरिटच्या स्वॅबने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं (हे महत्त्वाचं, ओलसर राहिलं तर चिकटत नाही), मग अ‍ॅप्लिकेटर दाबला की खट्ट आवाज होतो आणि झालं. सुई आत जाऊन लगेच बाहेर येते आणि मागे राहते ती केसासारखी बारीक तार, पाच मिलिमीटरच्या आसपास. मला इन्शुलिनच्या सुईपेक्षाही कमी जाणवलं. त्या तारेवर एन्झाइम असतं, ग्लुकोजशी त्याची रिअ‍ॅक्शन होऊन बारीक करंट तयार होतो आणि त्या करंटवरून आकडा काढतात. ही कल्पना तशी जुनी आहे, लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडचं मांडलं होतं, आणि सतत मोजणारं पहिलं यंत्र अमेरिकेत १९९९ ला मंजूर झालं, तेही फक्त डॉक्टरांसाठी, पेशंटला आकडे लाइव्ह दिसायचे नाहीत. म्हणजे माझी शाळा संपेपर्यंत जगात कोणालाच हे घरी मिळत नव्हतं.

पण ही तार रक्तात नसते. ती चामडीखाली पेशींच्या मधल्या पाण्यात असते, आणि रक्तातली साखर तिथे पोचायला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटं, कधी पंधरा. गीझर चालू असला तरी नळाला गरम पाणी यायला थोडा वेळ लागतो ना, तसं. शुगर स्थिर असेल तेव्हा मीटर आणि सेन्सर जवळजवळ सारखं दाखवतात, पण शुगर जोरात चढत किंवा उतरत असेल तेव्हा दोन आकड्यांत तीस-चाळीसचा फरक सहज पडतो आणि तो बिघाड नसतो.

हे नीट समजून घेणं सगळ्यात गरजेचं आहे असं मला वाटतं, विशेषतः लो झाल्यावर. समजा सेन्सर ६३ दाखवतोय, बाण खाली (आकड्याशेजारचा हा बाण शुगर चढतेय की उतरतेय ते सांगतो). तुम्ही तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून प्यायलात. आपल्याला सांगितलेलं असतं की पंधरा ग्रॅम साखर घ्या, पंधरा मिनिटं थांबा, परत बघा. पंधरा मिनिटांनी सेन्सर बघितला तर ५९! जीव घाबरतो, हात बिस्किटांकडे जातो, मग केळं, मग अजून काहीतरी. आणि तेवढ्यात बोटावर बघितलं तर ९४. रक्तात साखर पोचलेली असते, सेन्सरपर्यंत बातमी यायची असते. सेन्सरच्या आकड्यावर खात सुटलं की तासाभरात २८० ठरलेलं. म्हणून माझा नियम असा की लो झाल्यावर परत बघायचं ते बोटावरच. आता टोचायला लागत नाही ना, या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, लागतं, खूप कमी लागतं, पण पर्समधला मीटर पर्समध्येच राहणार.

पहिला दिवसही असाच. लावल्यावर साधारण तासभर तो काही दाखवतच नाही आणि त्यानंतरचे पहिले चोवीस तास आकडे जरा इकडेतिकडे असतात, बहुतेक वेळा खाली. तार नुकतीच आत गेलेली असते, तिथली जागा शांत व्हायला वेळ लागतो. मी नवीन सेन्सर सुट्टीच्या दिवशी सकाळी लावते, म्हणजे दिवसा दोन-तीनदा बोटाशी ताडून बघता येतं आणि रात्रीपर्यंत तो वळणावर येतो.

आता रात्र. सेन्सर आल्यावर सुरुवातीला माझी झोप सुधारली नाही, बिघडली. रात्री तीनला अलार्म, ५८, आणि मी घामेघूम नाही, काही नाही. बोटावर ११२. परत झोपले, परत अलार्म. मग मॅडमनी ग्राफ बघून विचारलं, तुम्ही डाव्या कुशीवर झोपता का? हो. सेन्सर डाव्या दंडावर. त्या जागेवर अंगाचा भार पडला की तिथलं पाणी आणि रक्तप्रवाह दाबला जातो आणि सेन्सरला साखर कमी दिसते, कूस बदलली की थोड्या वेळात आकडा आपोआप वर. ग्राफवर हे ओळखता पण येतं, एकदम कडा तुटल्यासारखी रेघ खाली जाते आणि तशीच सरळ वर येते, खरी लो अशी येत नाही, ती हळूहळू उतरते. आता उजव्या दंडावर लावते आणि उजवीकडे उशी टेकवून झोपते.

पण म्हणून रात्रीचे सगळे अलार्म खोटे होते असं अजिबात नाही. त्यातून जे खरं निघालं त्यासाठी मी या वस्तूची आयुष्यभर ऋणी राहीन. माझं एचबीए१सी गेली काही वर्षं ७.१, ७.२ असं यायचं. सगळे खूश. एचबीए१सी म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी, आणि सरासरीत ३०० आणि ५० एकमेकांना सांभाळून घेतात. सेन्सरवर दिसलं की पहाटे दोन ते चारच्या मधे मी आठवड्यातून बऱ्याचदा साठच्या खाली जात होते, झोपेतच, आणि मग चारच्या पुढे पहाटेच्या हार्मोन्समुळे शुगर आपोआप चढायची आणि सातला मी उठून बोट टोचलं की १७०. इतकी वर्षं मला आणि डॉक्टरांना दिसत होतं ते सकाळचं १७०, त्यामुळे रात्रीचा डोस वाढवावा का असाच विचार चालायचा. आता मॅडमनी रात्रीचं बेसल इन्शुलिन, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेलं, हळूहळू काम करत राहणारं, ते दोन युनिट कमी केलं. कमी! आणि सकाळचा आकडा सुधारला. हे बोटाने कधी कळलं असतं? पहाटे अडीचला गजर लावून टोचलं असतं तरच.

त्यामुळे मॅडम आता एचबीए१सीच्या बरोबरीने टाइम इन रेंज बघतात. ७० ते १८० च्या मधे दिवसातला किती वेळ गेला ते. २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जे ठरवलंय त्यानुसार बहुतेक मोठ्या माणसांसाठी सत्तर टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसाचे साधारण सतरा तास, आणि ७० च्या खाली चार टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे तासाभराच्या आत. वयस्कर माणसांना, किंवा शुगर लो होण्याचा जास्त धोका असेल त्यांना सत्तर टक्क्यांचं टार्गेट सैल ठेवतात, ७० च्या खालचं मात्र उलट आणखी कडक. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शंभर टक्के कोणी मागतच नाहीये. दिवसातले सहा-सात तास रेंजच्या बाहेर असले तरी ते चांगलं धरलंय. हे वाचून मला खरंच रडू आलं होतं, कारण लहानपणापासून शुगरचा प्रत्येक आकडा हा मार्क म्हणून बघायची सवय. १४० आली की शाब्बास, २६० आली की काय खाल्लंस? आणि आता तर दर मिनिटाला आकडा. सुरुवातीला मी सारखी फोन बघायचे, लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, भाजी चिरताना, आणि जेवल्यावर रेघ वर जायला लागली की पोटात गोळा. तर रेघ वर जाणारच, जेवल्यावर डायबेटिस नसलेल्यांची पण जाते, त्यांची कमी जाते आणि लवकर खाली येते एवढंच.

आकड्यापेक्षा बाण बघायला शिकणं हे माझ्यासाठी खरं वळण होतं. ११० आणि बाण आडवा म्हणजे निवांत, ट्रेन पकडा. ११० आणि बाण सरळ खाली म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त पडतेय, वीस मिनिटांत सत्तरवर, आत्ताच काहीतरी तोंडात टाका. आकडा तोच, पण दोन्ही वेळी करायचं ते पूर्ण वेगळं. बोटाच्या टेस्टमध्ये हा बाण नव्हता, तिथे ११० म्हणजे ११०, खुशाल निघायचं, आणि मग दादरला बाकावर.

उलट दिशेला पण एक धोका आहे. जेवून दीड तास झालाय, २४०, बाण वर, हात शिवशिवतात की अजून चार युनिट टोचून टाकावं. जेवणाआधीचं इन्शुलिन घेतल्यापासून तीन-चार तास काम करत असतं, त्यावर दुसरा डोस चढवला की दोन्ही मिळून एकदम खाली आपटतात. मॅडमनी मला कागदावर लिहून दिलंय, तीन तासांच्या आत करेक्शन (वाढलेली शुगर उतरवायचा जादा डोस) नाही, आणि तो कागद फ्रीजवर लावलाय. ज्यांना सेन्सर नवीन आहे आणि इन्शुलिन घेतात त्यांनी हे आपल्या डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत बोलून ठेवा, कारण सारखा दिसणारा आकडा माणसाला काहीतरी करायला लावतो.

खाण्याबद्दल तर बोलायलाच हवं. ज्वारीची भाकरी म्हणजे शुगर वाढतच नाही असं मी जन्मभर ऐकलंय, आणि माझ्या ग्राफवर दोन भाकऱ्या आणि तीन पोळ्या यांच्यात फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो बरोबर काय आहे त्याने. नुसती भाकरी-पिठलं वेगळं आणि आधी मोठी वाटीभर काकडीची कोशिंबीर, मटकीची उसळ आणि मग भाकरी वेगळी, दुसऱ्यात रेघ टेकडीसारखी न चढता पसरट राहते. कांदेपोहे सगळ्यात वेगवान, अर्ध्या तासात बाण वर. तेच पोहे निम्मे करून त्यात मटार, दाणे आणि बाजूला एक उकडलेलं अंडं घेतलं की बरंच सावरतं. साबुदाण्याची खिचडी, चतुर्थीला सासूबाईंच्या हातची, दीड तासात १४० वरून २९०. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, दुसरं काय होणार. मी त्यांना ग्राफ दाखवला. त्या कितीतरी वेळ फोन हातात धरून बघत राहिल्या, त्यांना स्वतःला टाइप टू आहे, आणि म्हणाल्या, अगं म्हणजे माझंही असंच होत असणार उपासाला. आता चतुर्थीला आमच्याकडे दाण्याची आमटी जास्त आणि भगर दोन डाव असं चालतं, त्यांनीच बदललं, मी काही बोलले नव्हते.

पुरणपोळीचं गणित वेगळंच निघालं. भरपूर तूप असल्यामुळे ती आधी शांत बसते, दोन तास काही नाही, आणि मग तिसऱ्या तासाला चढायला लागते, जेव्हा जेवणाआधीचं इन्शुलिन ओसरत आलेलं असतं. होळीच्या दिवशी दुपारी चारला २७० का होते याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं. त्यावर मॅडमनी डोस दोन भागात कसा विभागायचा ते सांगितलंय, ते प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणून इथे लिहीत नाही.

आणि न खाता पण चढते. मार्च एंडिंगला बँकेत, दुपारचा डबा पण उघडला नव्हता, पाणी पण धड नाही, आणि शुगर १३० वरून १९०. नुसत्या टेन्शनने. पूर्वी असा आकडा आला की घरचे आणि मी स्वतः पण विचारायचो की काय खाल्लं होतंस. काहीच खाल्लं नव्हतं हे आता रेघेवर दिसतं. ज्यांच्या घरात डायबेटिस असलेलं मूल आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं अशी माझी हात जोडून विनंती आहे, परीक्षेच्या दिवशी शुगर वाढली तर त्याने चोरून खाल्लं असेलच असं नाही.

घरच्यांचंही जुळायला वेळ लागला. आकडे नवऱ्याच्या आणि मुलीच्या फोनवर पण जातात. पहिले काही दिवस ऑफिसात असताना मेसेज, अगं २२० आहे, बघितलंस का? मुलगी नववीत आहे, तिचा शाळेतून आल्या आल्या फोन, आई तू काय खाल्लंस? प्रेमानेच, पण मला गुदमरायला व्हायचं, माझ्या शरीराच्या आतलं सगळं सगळ्यांना दिसतंय असं. मग एक दिवस तिघं बसून ठरवलं. ७० च्या खाली गेली तर लगेच फोन करायचा, मी उचलला नाही तर बरोबरच्या मैत्रिणीला करायचा. वर गेली तर कोणी काही विचारायचं नाही, ती माझी मी बघेन. हे पाळलं गेलं आणि खूप बरं झालं. नवरा रात्री आता शांत झोपतो. पूर्वी तो मधेच उठून माझ्या कपाळाला हात लावून बघायचा, घाम आलाय का, हे मला लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर कळलं होतं.

अलार्मचं पण ठरवून घ्यावं लागतं. मी खालचा अलार्म ८० वर ठेवलाय कारण मला लक्षणं येत नाहीत, वेळ हाताशी हवा. वरचा सुरुवातीला १८० वर होता, तर दर जेवणानंतर फोन बोंबलायचा, आणि सारखा वाजणारा अलार्म माणूस ऐकेनासाच होतो, म्हणून तो २५० वर नेला. अँड्रॉइड फोन असेल तर बॅटरी सेव्हरमधून अ‍ॅप बाहेर काढा, नाहीतर रात्री फोन अ‍ॅपला झोपवून टाकतो आणि अलार्म येतच नाही. फोन सहा-सात मीटरच्या आत हवा, म्हणजे हॉलमध्ये चार्जिंगला लावून बेडरूममध्ये झोपायचं नाही.

अंगावर वागवण्याच्या बारीकसारीक गोष्टी. ब्लाउजच्या बाहीची कड बरोब्बर सेन्सरवर येते, साडी नेसताना-सोडताना ती अडकते, म्हणून शिंप्याकडून दोन ब्लाउज कोपरापर्यंतच्या बाहीचे शिवून घेतले. लोकलमध्ये सॅकचा पट्टा सेन्सरच्या हाताच्या खांद्यावर घ्यायचा नाही. घामाने कडा सुटायला लागतात, त्यावर टेप लावता येते पण मधे जे बारीक छिद्र आहे ते झाकायचं नाही. खाज येत असेल तर दर वेळी जागा दोन बोटं बाजूला सरकवा. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तो दंड तेलापासून वाचवायचा, तेलाने चिकटपणा जातो. मुदत संपल्यावर काढताना मात्र तेच खोबरेल कडेने लावून पाच मिनिटं थांबलं की अलगद निघतो, कातडी ओढली जात नाही. एमआरआय करायचा असेल तर तिथे आधी सांगा, बऱ्याच सेन्सरना काढूनच जावं लागतं, मग तारीख शक्यतो सेन्सर संपतानाची घ्या. व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, कोविडपासून सगळ्यांच्या घरात आहेत त्या, काही सेन्सरमध्ये आकडा खोटाच वर दाखवतात. आपल्या सेन्सरबरोबरच्या कागदावर कुठली औषधं लिहिलीयेत ते एकदा वाचून घ्या.

आणि ते घड्याळाचं. नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखी जाहिरात येते, दोन हजारात स्मार्टवॉच, सुई नाही, टोचणं नाही, शुगर मनगटावर. मामांनी तर माझ्यासाठी ऑर्डर करायची तयारी केली होती, सेन्सरवर पैसे कशाला घालवतेस म्हणून. कृपया घेऊ नका. चामडीला न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलंय. त्या आकड्यावर कोणी इन्शुलिन घेतलं तर जीव जाऊ शकतो. मी हे ग्रुपवर लिहिलं, मामांना फोन करून पण सांगितलं.

पैशाचा विषय टाळता येत नाही. एका सेन्सरला चार-पाच हजार, तो चालतो साधारण दोन आठवडे, म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला लाख-सव्वा लाख सहज. इन्शुलिन, सुया, मीटरच्या पट्ट्या वेगळ्या. माझ्या मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही. आम्ही दोघं कमावते आहोत म्हणून जमतंय, आणि तरी सलग वर्षभर नाही जमणार, मॅडमशी बोलून असं ठरवलंय की थोडे महिने सलग आणि नंतर महिन्यातले दोन आठवडे. ज्यांना परवडत नाही त्यांनी स्वतःला कमी लेखू नये, डॉक्टरांच्या भेटीआधी एकच सेन्सर लावला तरी रात्रीचं चित्र कळतं, माझा डोस बदलला तो पहिल्याच सेन्सरवरून.

क्लिनिकमध्ये मागच्या वेळी शेजारी एक बाई बसल्या होत्या, बदलापूरहून आलेल्या, मांडीवर सहा-सात वर्षांचा मुलगा. त्याने माझ्या दंडाकडे बोट दाखवून विचारलं, मावशी हे काय आहे? मी त्याला हात लावू दिला, आकडा दाखवला. त्याच्या आईने हळूच विचारलं, रात्री पण दाखवतं का? त्या रोज रात्री बाराला आणि तीनला उठून झोपलेल्या मुलाचं बोट टोचतात. सकाळी सहाला डबे करून कामावर. किंमत सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

इंग्लंडमध्ये २०२२ पासून टाइप वन असलेल्या प्रत्येकाला सरकारी यंत्रणेतून सेन्सर द्यावा अशी अधिकृत शिफारस आहे, लहान मुलं आणि मोठी माणसं दोन्ही. आपल्याकडे अजून कितीतरी मुलांना इन्शुलिन आणि पट्ट्याच वेळेवर मिळण्याची मारामार असते आणि आधी ते मिळायला हवं हे मला मान्य आहे. पण निदान बारा वर्षांखालच्या टाइप वनच्या मुलांना, ज्यांना लो होतेय हे सांगताच येत नाही, त्यांना तरी हा मिळावा. त्या बाई, अजून दोन-तीन पालक आणि मी मिळून एक अर्ज तयार करतोय, मॅडम त्याला वैद्यकीय टिपण जोडून देणार आहेत. आधी पालिकेकडे द्यायचा की थेट मंत्रालयात आरोग्य खात्याकडे यावर अजून एकमत नाही. अशा अर्जाचा कोणाला अनुभव असेल, कोणत्या टेबलापासून सुरुवात करायची हे माहीत असेल, तर मला नक्की कळवा, पुढच्या महिन्यात शाळा सुरू व्हायच्या आत तो द्यायचाय.